साके सोयरी, बोंडू परका

जपानी माणसाच्या पिण्याला सध्या जगभर मोठी प्रतिष्ठा आली आहे. 'इझाकाया' नावाचे त्यांचे मद्यगृह लंडन-न्यूयॉर्क करीत मुंबईतही येऊन बसले आहे. नावाचा अर्थ साधा: बसून पिण्याचे साकेचे दुकान. एदो काळात साके विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला तिथेच टेकू दिले, पुढे चार बशा सरकवल्या, एवढीच त्याची कुळकथा. भाजलेला मासा, मुळ्याचे लोणचे आणि तांदळाची दारू! ही दारू गाळण्याची विद्या 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने मानवजातीच्या वारशात नेऊन बसवली. आमचे शिकलेसवरलेले चाकरमानी ते ऐकून माना डोलावतात.

जपान्यांनी केले ते उत्तमच केले. माझे भांडण आहे ते या डोलणाऱ्या मानांशी. तांदूळ आंबवला की वारसा आणि बोंडू आंबवला की गुन्हा, हा न्याय कुठला?

मी या किनाऱ्यावरचा माणूस. चैत्रात वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्गच्या बागांतून हिंडावे. बी तेवढी काढून घेतलेली, आणि तिच्या अनेक पट वजनाचे बोंडू झाडाखाली कुजत पडलेले! बांद्याचा नाका ओलांडून पत्रादेवीला पाऊल टाका. त्याच बोंडूचा आंबवलेला रस एकदा गाळला की हुर्राक होतो, पुन्हा गाळला की फेणी. त्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 साली गोवा सरकारने तिला वारसा-पेय ठरवले. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच. मध्ये आडवा आला तो 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि पुढेही वेगळाच राहिला, म्हणून तिथली भट्टी उजळ माथ्याने पेटते. आमची मात्र चोरटी ठरली.

2022 साली राज्याच्या मंत्रिमंडळाला बोंडूची आठवण झाली. निर्णय काय, तर बोंडूचे आणि मोहफुलांचे मद्य 'देशी'तून काढून 'विदेशी मद्या'च्या वर्गात घालावे! दोडामार्गच्या डोंगरातला बोंडू विदेशी! वर्ग बदलला, परसात चार मडकी लावणारा गरीब बागायतदार परवान्यावाचून आजही गुन्हेगारच आहे.

दारूने घरे बुडतात, असे कोणी म्हणेल. बुडतात, मीही बुडालेली पाहिली आहेत. पण ती बुडवणारी बाटली आज राजरोस परवान्याने विकली जाते. तिच्यात या जिल्ह्याचे फळ नाही आणि घामही नाही. सोवळे आठवते ते आमच्या बोंडूपाशीच!

माझे मागणे थोडके आहे. लहान बागायतदाराला परवडेल असा भट्टीचा परवाना द्या, मालाची तपासणी कडक ठेवा, बाटलीवर गावाचे नाव घाला आणि खानावळीत तळलेला बांगडा नि तिसऱ्यांचे सुके यांच्या शेजारी तिला मानाने बसू द्या.

कागदी कंदील इझाकायाच्या दारी लागतो, तसा दिवाळीत आमच्याही दारी लागतो. फरक एवढाच, की आपले अन्न आणि आपले पेय आपल्याच नावाने मांडायला तो दुकानदार लाजला नाही. आम्ही लाजतो, आणि त्या लाजेची किंमत दर चैत्रात झाडाखाली कुजत पडते.