पॉइंट विकत घेऊन बिझनेस क्लास : सौदा की हौस?

फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. माणसाचा हा स्वभाव विमान कंपन्यांनी फार पूर्वीच ओळखला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितका प्रवास कराल तितके पॉइंट खात्यात जमा होतील आणि पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस मिळेल. बघता बघता जगभरातल्या कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला. पुढे तर गंमतच झाली. बक्षीस म्हणून मिळणारे पॉइंट कंपन्या चक्क विकू लागल्या. 'आज घ्या, ऐंशी टक्के जादा मिळवा', 'निम्म्या पैशांत बिझनेस क्लास' अशा जाहिराती आता मोबाईलवर रोज येऊन पडतात आणि घराघरांत चर्चा सुरू होते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणू. बंगळूरच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूच्या सीमेजवळ आनेकल आहे. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यातल्या. तिथल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ आणि त्यांची पत्नी. मुलगी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. तिचे दिवस भरत आलेले. आईचे गुडघे दुखतात, बाबांची साठी कधीच उलटून गेली आहे. आनेकलहून देवनहळ्ळीचा विमानतळ गाठायचा तर अख्खे शहर ओलांडून सत्तर किलोमीटरच्या आसपास जायचे, आणि पुढे सतरा-अठरा तास आकाशात. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, पॉइंट विकत घेऊ या. आई आडवी होऊन झोपून येईल." आई म्हणते, "अगं, एवढा खर्च कशाला? तेवढ्यात बाळाचं पाळण्यापासून सगळं येईल." बाबा गप्प. ते मनात मुदत ठेवीचा हिशेब करत असतात.

दोघींचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच भावना क्षणभर बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी.

हिशेब असा मांडावा

आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते कंपनी, मार्ग आणि तारखेनुसार बदलतील. समजा, एका माणसाच्या एका बाजूच्या बिझनेस क्लास तिकिटाला ९०,००० पॉइंट लागतात आणि सवलतीत एक पॉइंट १ रुपया ८० पैशांना पडतो. म्हणजे झाले १,६२,००० रुपये. जाहिरात इथेच थांबते, खर्च मात्र थांबत नाही. कंपनी परदेशी असेल तर पैसे डॉलरमध्ये जातात आणि बरीच क्रेडिट कार्डे त्यावर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. हे झाले सुमारे ६,७०० रुपये. शिवाय पॉइंटांचे तिकीट म्हणजे अगदी फुकट तिकीट नव्हे. विमानतळाचे शुल्क, कर आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावाच लागतो. तो २०,००० धरला तर एकूण १,८८,७०० रुपये. दोघांचे ३,७७,४००.

तेच बिझनेस क्लासचे तिकीट रोखीने २,७५,००० रुपयांना असेल तर दोघांचे साडेपाच लाख होतात. मुलगी म्हणेल, "बघा, १,७२,६०० रुपये वाचले!" पण आई साध्या वर्गाचा भाव विचारेल. तो प्रत्येकी ७०,००० असेल तर दोघे १,४०,००० रुपयांत पोहोचतात. म्हणजे आईच्या हिशेबाने एका बाजूलाच २,३७,४०० रुपये जास्त गेले.

मग खरे कोणाचे? उत्तर एका प्रश्नात आहे. पॉइंटांची सोय नसती तर या घराने बिझनेस क्लासचे तिकीट रोखीने काढले असते का? काढले असते, तर मुलगी म्हणते ती बचत खरी. नसते काढले, तर ती बचत नव्हे, हौसेचा खर्च आहे. जे घ्यायचेच नव्हते ते स्वस्तात मिळाले म्हणून पैसे वाचत नाहीत. सतरा तासांच्या प्रवासात माणशी १,१८,७०० रुपये जास्त, म्हणजे तासाला सुमारे सात हजार. एवढे मोल आपल्या लेखी त्या झोपेला आहे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली आहे त्याला ते असेलही.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बँकेतला रुपया आपला असतो. पॉइंट मात्र योजनेच्या नियमांनुसार कंपनीचेच राहतात. आपल्याला मिळते ती फक्त वापरायची परवानगी. एका तिकिटाला किती पॉइंट लागतील हे कंपनी ठरवते आणि बदलू शकते. आज ९०,००० लागतात तिथे सहा महिन्यांनी सव्वा लाख लागले तर दाद मागायला जागा नसते. बऱ्याच योजनांत पॉइंटांना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सचे पॉइंट, उदाहरणार्थ, तीन वर्षांनी संपतात. तिकीट रद्द केले तर शुल्क कापून पॉइंट खात्यात परत येतात, पण ते घेण्यासाठी मोजलेले रुपये परत येत नाहीत.

आणि कंपनीच बुडाली तर? आपल्या देशाने हे पाहिले आहे. किंगफिशर एअरलाइन्स २००५ मध्ये थाटामाटात सुरू झाली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तिची विमाने जमिनीवर बसली आणि प्रवाशांनी साठवलेले पॉइंट कागदावरच राहिले. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला आले. तिची पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीच्या हाती असल्याने तगली आणि त्याच वर्षी तिने नवे नाव घेतले. पण ज्यांनी जेटच्या बिझनेस क्लाससाठी पॉइंट राखून ठेवले होते त्यांना ती खुर्ची मिळाली नाही. सुदैवाचे उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत जमा झाले. तात्पर्य, साठवलेल्या पॉइंटांचे भवितव्य आपल्या हाती नसते.

या धंद्यात नफा कोणाचा, हे करोनाच्या काळात उघड दिसले. २०२० मध्ये विमाने उभी असताना अमेरिकेतल्या युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले आणि डेल्टाने त्याच वाटेने ९०० कोटी. विमाने रिकामी असतानाही सावकाराला जी योजना भरवशाची वाटते, ती ग्राहकाला सहजासहजी घाट्यात विकली जात नसणार, एवढे तरी आपण ओळखावे.

मग कधी घ्यावेत?

कधीच घेऊ नयेत असे मात्र नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने एका खाद्यकंपनीच्या योजनेचे नियम नीट वाचले, सुमारे ३,१४० डॉलरचे पुडिंगचे १२,१५० डबे घेतले आणि साडेबारा लाखांच्या आसपास पॉइंट मिळवले. त्याचे यश नशिबाचे नव्हते. एक पॉइंट कितीला पडतो हे त्याने आधी मोजले होते.

आनेकलच्या त्या घरानेही हेच करावे. आधी खुर्ची शोधावी, मग पॉइंट घ्यावेत. बिझनेस क्लासमधल्या मोजक्याच जागा पॉइंटांवर देतात आणि बाळंतपणाची तारीख काही विमानाच्या सोयीने पुढे-मागे होत नाही. हव्या त्या दिवशी दोन जागा दिसत नसतील तर सवलत कितीही मोठी असो, हात आखडता घ्यावा. विकत घेतलेले पॉइंट खात्यात यायला कधी काही तास, कधी दिवसही लागतात. तेवढ्यात जागा गेली तर काय, हेही आधी विचारावे. मुलीच्या खात्यातून आईवडिलांचे तिकीट काढता येते का, की आधी त्यांची नावे नोंदवावी लागतात, ते पाहावे. आधीचे बरेच पॉइंट असून थोडेसेच कमी पडत असतील, तर तेवढे विकत घेणे बहुधा फायद्याचे. पण पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून साठा करणे म्हणजे भाव उतरणारे धान्य कोठारात भरण्यासारखे. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. दलालाकडून दुसऱ्याचे पॉइंट स्वस्तात घेऊ नयेत. बहुतेक योजनांत ते नियमबाह्य असते आणि असे तिकीट ऐनवेळी रद्द होऊ शकते.

मधला मार्गही असतो. काही कंपन्यांत साध्या वर्गापेक्षा ऐसपैस, पण बिझनेसपेक्षा बरेच स्वस्त असे प्रीमियम इकॉनॉमीचे आसन मिळते. काही कंपन्या साधे तिकीट काढलेल्यांना प्रवासाआधी बोली लावून वरच्या वर्गात जाण्याची संधी देतात. गुडघेदुखीसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. वाटेकडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले टाकता येतात; लांबच्या प्रवासात पाय सुजू नयेत आणि रक्त गोठू नये म्हणून ते हिताचे असते. एका दमात प्रवास झेपणार नसेल तर मध्ये एक मुक्काम करावा.

जाताना साधा वर्ग आणि येताना, बाळंतिणीची सेवा करून थकलेल्या आईसाठी तेवढा एकच बिझनेस क्लास, असाही तोडगा घरात निघू शकतो. मुदत ठेव शाबूत राहते, आईलाही पाठ टेकता येते. निर्णय कोणताही घ्यावा, पण तो जाहिरातीतली मुदत आज रात्री बाराला संपते म्हणून घेऊ नये. एक मुदत संपली की दुसरी जाहिरात येतेच.