थिबा राजवाडा : राजा गेल्यानंतरचे आयुष्य

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याची कथा आपण बहुधा करुण रसातच सांगतो. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा पूर्ण झाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. म्हणजे या वास्तूत त्याचा वास जेमतेम सहा वर्षांचा! त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती उभी आहे आणि मला तिच्या या दीर्घ उत्तरायुष्याविषयी बोलायचे आहे.

कारण विसाव्या शतकात या शहराने आपलीच माणसे बाहेर जाताना पाहिली. तरुण मुंबईच्या गिरण्यांत नि गोदीत, घरी मनीऑर्डर. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. गाव जवळ आले, तसे गाव सोडणेही सोपे झाले.

अशा शहराला जुनी वास्तू काय देते? 'पर्यटक' हे ठरीव उत्तर मला तोकडे वाटते. दालने पाहून, खाडीची छायाचित्रे घेऊन पर्यटक तासाभरात गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतो. याउलट 'आर्ट सर्कल' ही स्थानिक संस्था राजवाड्याच्या प्रांगणात संगीत महोत्सव भरवते, तेव्हा रत्नागिरीकर तिथे यजमान म्हणून वावरतो. बंदिवासासाठी बांधलेल्या घराच्या अंगणात गावाने स्वतःहून गाणे ऐकायला बसावे, हे मला फार मोलाचे वाटते.

तरीही मैफल वर्षातून काही रात्रींचीच. उरलेल्या दिवसांचे काय?

इथे जांभ्याकडे पाहावे. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की त्याचे चिरे सहज तासता येतात. हवा लागली की तो कठीण होतो. हाच दगड राजवाड्यात आहे आणि शहरातल्या आळ्यांमधल्या कौलारू घरांतही. पण राजवाडा संरक्षित, घरे मात्र एकेक करून पडताहेत. त्यांच्याबरोबर चिरा बसवणारा गवंडी, वासे जोडणारा सुतार आणि पावसाआधी शाकारणी करणारा गडी यांचे कामही जाते. हे हात नाहीसे झाले तर उद्या राजवाड्याची डागडुजी तरी कोण करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. राजवाड्याच्या दुरुस्तीच्या प्रत्येक कंत्राटात दोन-चार स्थानिक मुलांना शिकाऊ म्हणून, वेतन देऊन घेण्याची अट असावी. राजवाड्यावर हात बसला की आळीतली घरे त्यांना परकी राहणार नाहीत.