बुधवारचे वाचन

मागील अंकी याच सदरात दिवसाचे तास कसे बेतावेत याविषयी आम्ही चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनी विचारिले आहे की, उपदेश उत्तम आहे, परंतु आपल्या स्वतःच्या घरचा आठवडा कसा जातो हे एकदा खरेखरे सांगाल काय? प्रश्न रास्त आहे, आणि किंचित बोचणाराही आहे. तेव्हा गेल्या पौषातील एक आठवडा वाचकांपुढे ठेवीत आहोत. हाच का निवडला, ते पुढे कळेल.

आमचे घर नऊ माणसांचे. सदाशिव पेठेतील जुना वाडा पाडून इमारत उठली, तेव्हा वाटणीस आलेल्या दोन शेजारशेजारच्या जागांमधील भिंत काढून आम्ही एकच बिऱ्हाड केले. मामंजी, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा अभियांत्रिकी शिकणारा मुलगा, आम्ही उभयता, नववीतील कन्या आणि चौथीतील चिरंजीव. स्वयंपाकघरातील फडताळाच्या दारावर जाऊबाईंनी आखलेला एक तक्ता आहे. वर सात वार, डावीकडे नऊ नावे. परीक्षा लाल शाईने, मुलांचे वर्ग हिरव्या शाईने आणि बाहेरची कामे निळ्या शाईने लिहावयाची, असा त्यांचा दंडक. निळी शाई बहुतेक आमच्याच ओळीत खर्च होते, याचा आम्हांस थोडा अभिमान होता. तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सासूबाईंच्या ओळीत सातही दिवस एकच नोंद असे : ‘रात्री नऊ, डोळ्यांत थेंब.’ त्यांना काचबिंदू आहे. या दुखण्यात दृष्टी कडेकडेने आक्रसत जाते. गेलेली परत येत नाही. थेंबांनी डोळ्यातील दाब आवरून उरलेली जपावयाची, एवढेच हाती असते.

सोमवारी पहाटे सव्वापाचला जाऊबाई कणीक मळावयास घेतात आणि आम्ही भाजी चिरावयास बसतो. साडेसहापर्यंत सहा डबे भरले पाहिजेत. त्यांतला एक साबुदाण्याच्या खिचडीचा, कारण थोरल्या दिरांचा सोमवार असतो. दहा ते साडेपाच आमची बँकेतील नोकरी. दरम्यान चिरंजीव शाळेतून येतो, मल्लखांबास जातो आणि तेथून तसाच अंगाला माती-तेल लावलेला तबल्याच्या वर्गात दाखल होतो. त्याला मामंजी हात धरून नेतात. मामंजींनी त्याचा हात धरिलेला असतो की त्याने मामंजींचा, याविषयी घरात मतभेद आहेत. मंगळवारी इमारतीच्या सभासदांची बैठक होती. पाण्याच्या टाकीवर दोन तास बोलणे झाले आणि टाकी होती तशीच राहिली.

बुधवारी सायंकाळी सहा ते आठ आम्ही दृष्टिहीन मुलींच्या एका वसतिगृहात पुस्तके वाचून दाखवावयास जातो. या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिणे जरूर आहे. लुई ब्रेल याने आपली सहा टिंबांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली, आणि आपल्याकडील भाषांसाठी तिचे एकच सामाईक रूप १९५१ साली ठरले. परंतु ब्रेलमध्ये एका साध्या पाठ्यपुस्तकाचे जाडजूड असे कित्येक खंड होतात, आणि परीक्षेस लागणारी सगळीच पुस्तके त्या लिपीत मिळतात असे नाही. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून अशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करण्यास लेखक-प्रकाशकांची वेगळी परवानगी लागत नाही. तरीही कोणीतरी बसून ती वाचावयास हवीच.

आणि वाचणे वाटते तितके सोपे नाही. कोष्टक आले की आडवे वाचावे की उभे, हे आधी सांगावे लागते. कंस उघडला, कंस मिटला, हे बोलावे लागते. नकाशा आला की नदी कोठून निघाली आणि कोणत्या हाताला वळली, हे समोर बसलेल्या मुलीच्या तळहातावर बोटाने काढून दाखवावे लागते. आम्हांस वाटे, आपण सावकाश व स्पष्ट वाचतो, म्हणजे मुलींची सोय होते. सहा वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात, एक मुलगी हळूच म्हणाली, “काकू, थोडे भराभर वाचलेत तरी चालेल.” भ्रमणध्वनीतील वाचक यंत्राचे बोलणे या मुली दुप्पट वेगाने ऐकतात, हे आम्हांस तेव्हा कळले. त्या मानाने आमचे वाचन म्हणजे बैलगाडी!

गुरुवारी तेथील बाईंचा निरोप आला. दहावीस बसलेल्या एका मुलीचा ठरलेला लेखनिक आजारी पडल्यामुळे नवा हवा होता. दृष्टिहीन परीक्षार्थी उत्तर सांगतो व लेखनिक ते लिहितो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु हा लेखनिक परीक्षार्थ्याहून खालच्या इयत्तेतील असावा लागतो, नाहीतर उत्तर कोणाचे हा संशय उरतो. म्हणजे आम्ही पदवीधर असल्यामुळे तेथे निरुपयोगी, आणि आमची नववीतील कन्या मात्र अगदी योग्य. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थ्यांस तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळावयाची; म्हणजे भाषेचा तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्याखेरीज दोघींचा मेळ बसावा म्हणून परीक्षेपूर्वी संध्याकाळी सराव करावा लागतो.

आणि कन्येच्या संध्याकाळी तर कथकाच्या होत्या. माघात तिच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. जी मुलगी तालमी चुकवील तिला समूहनृत्यात उभे करावयाचे नाही, असा तिच्या गुरूंचा नियम. आणि तो नियम योग्य आहे. पाच वर्षे मागच्या रांगेत नाचल्यावर यंदा तिला पुढच्या रांगेत जागा मिळाली होती.

रात्री जेवणे आटोपल्यावर हा विषय निघाला. थोरल्या दिरांनी कागदावर तास मांडले आणि कागद आमच्यापुढे सारला. आमच्या यजमानांनी “तुम्ही ठरवाल ते” असे नेहमीचे उत्तर दिले. आणि आम्ही, ज्यांनी याच सदरात लोकसेवेवर किती वेळा लिहिले आहे कोण जाणे, ते आम्ही म्हणालो, “यंदा नको. पुढच्या वर्षी पाहू.” हे बोललो तेव्हा आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. पुढच्या वर्षी कन्या स्वतःच दहावीस असेल, हेही ध्यानात आले नाही. कन्येनेच ते दाखवून दिले, आणि वर विचारले, “आई, तू बुधवारी जातेस तेव्हा तुला कोणी ‘यंदा नको’ म्हणते का?”

मामंजी शाळेत पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले. ते एवढेच म्हणाले, “नाचणार ती आहे, लिहिणार ती आहे. सगळ्यांनी बोलून झाले, आता तिला विचारा.”

तिने लेखनिक होण्याचे पत्करले. शुक्रवारी स्वतःच गुरूंना सांगून आली, आणि पुढच्या रांगेतील जागा दुसऱ्या मुलीस मिळाली. हे सर्व तिने हसतमुखाने केले असे लिहिले तर छान दिसेल, पण तसे झाले नाही. त्या रात्री ती न जेवता निजली, आणि आम्ही तिच्या उशाशी बराच वेळ बसलो असताही जागीच होती, हे तिच्या श्वासावरून कळत होते.

शनिवारी तिने सरावास प्रारंभ केला. त्या मुलीकडे सोमवारपासून जावयाचे होते. तोवर घरी कोणीतरी मजकूर सांगणारे हवे, म्हणून ती आजीपाशी जाऊन बसली. नियम आम्हीच तिला सांगितले होते : कानावर पडेल ते शब्दशः लिहावयाचे, चूक वाटली तरी सुधारावयाची नाही, पदरचे घालावयाचे नाही व दिलेले गाळावयाचे नाही. सासूबाईंनी पाठ्यपुस्तकातील धडा सांगण्याऐवजी म्हटले, “त्यापेक्षा वाईस माझ्या बहिणीला पत्र लिही. दोन वर्षांत माझ्या हातून पत्र गेलेले नाही.” सासूबाई सांगत गेल्या आणि नात लिहीत गेली. आम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या वृक्षारोपणास येणाऱ्या मंडळींची यादी करीत होतो, आणि पलीकडून दोघींचे हसणे ऐकू येत होते. मोठे बरे वाटत होते.

रविवारी सकाळी टपालाच्या पेटीत टाकण्यासाठी ते पत्र आमच्या हाती आले. ते साधे कार्ड होते. बंद पाकीट असते तर आम्ही उघडले नसते. कार्ड मात्र कोणाच्याही नजरेस पडतेच. प्रकृती, थंडी, वाईच्या घाटावरील कोणाची तरी चौकशी, असे सगळे झाल्यावर शेवटी होते : “सूनबाई दर बुधवारी आंधळ्या मुलींना वाचून दाखवावयास जातात. फार मोठे काम आहे, पेठेत नाव घेतात. माझा नंबर लागावयास मी अजून पुरती आंधळी झालेली नाही.”

आम्ही कन्येस विचारले, “हे तू लिहिलेस?”

ती म्हणाली, “लेखनिकाने गाळावयाचे नसते. तूच सांगितलेस.”

मार्गशीर्षात एकदा सासूबाईंनी आम्हांस वर्तमानपत्रातील एक लेख वाचून दाखविण्यास सांगितले होते, ते आम्हांस तेव्हा आठवले. “रविवारी वाचते,” असे आम्ही म्हणालो होतो. त्यानंतर किती रविवार गेले हे मोजण्यास तक्ता समोरच होता. त्यांनी पुन्हा सांगितले नाही. मध्यंतरी पुतण्याने त्यांच्या दूरध्वनीत बातम्या वाचणारे यंत्र बसवून दिले होते. ‘त्याला ळ म्हणता येत नाही’ म्हणून त्यांनी ते बंद करविले, आणि आम्ही सगळे त्यावर हसलो होतो.

कार्ड आम्ही पेटीत टाकिले. त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

त्या रविवारी वृक्षारोपणास गेलो नाही. घरी बसून तक्ता खाली उतरविला, आणि प्रथमच यजमानांस त्यापुढे बसविले. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशातील लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या बिनमोल कामात दिवसाकाठी २८९ मिनिटे जातात, आणि घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ व ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचेही काम थोडे हलके झाले, अंतर मात्र जवळजवळ तसेच राहिले. हे आकडे आम्ही यजमानांस वाचून दाखविले. ते म्हणाले, “आपल्या घरी असे नाही.” मग जाऊबाईंनी तक्त्यावरील त्यांच्या ओळीवरून बोट फिरविले. ती ओळ फार लांब नव्हती. शिवाय सासूबाई त्यांच्याच मातोश्री आहेत, ही गोष्ट त्या तक्त्यावरून कोणालाही कळली नसती!

आता रात्री नऊनंतर, थेंब घातल्यावर, अर्धा तास वाचन होते. सोमवार, गुरुवार व शनिवार यजमानांकडे, रविवार थोरल्या दिरांकडे, उरलेले आमच्याकडे. इमारतीच्या समितीचे काम आम्ही सोडले. टाकीला त्याने काही फरक पडलेला नाही. बुधवारचे वसतिगृह सोडलेले नाही, कारण तेथील मुलींचा यात काय दोष? तेथून आल्यावर घसा बसलेला असतो, म्हणून बुधवारी सासूबाई स्वतःच आम्हांस दोन पानांवर थांबवितात. काय वाचावे हे त्याच ठरवितात. आधी वर्तमानपत्रातील निधनवार्ता, मग पुस्तक. त्यांनी प्रथम मागितले ते आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’. महर्षी कर्व्यांच्या पत्नीचे हे आत्मचरित्र १९४४ साली निघाले. लोकसेवेस वाहून घेतलेल्या पुरुषाचा संसार त्याच्या घरातील माणसास कसा दिसतो, ते त्यात वाचावयास मिळते. हे पुस्तक सासूबाईंनी सहज निवडले की कसे, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही. यजमान वाचताना जोडाक्षरांवर अडखळतात आणि सासूबाई त्यांना चौथीतल्या मुलासारखे मागे नेऊन पुन्हा वाचावयास लावितात. त्या वेळी चिरंजीव दाराआड उभा राहून ऐकतो.

कथकाचा कार्यक्रम माघात झाला. कन्या आमच्याशेजारी प्रेक्षकांत बसली होती. समूहनृत्य चालू असता तिचे पाय खुर्चीखाली ताल धरीत होते. परतताना ती सगळ्या वाटेने काही बोलली नाही, आणि आम्हीही बोललो नाही. हा मजकूर छापखान्यात जाईल तोवर त्या दोघींचे भाषेचे दोन पेपर झालेले असतील. सरावात ती मुलगी फार वेगाने सांगते, अशी कन्येची तक्रार आहे. ही फार हळू लिहिते, अशी त्या मुलीची.

वाईहून उत्तर आले, तेही कार्डच. अक्षर सासूबाईंच्या बहिणीचे नव्हते. शेजारच्या कोणा मुलाकडून लिहविलेले दिसत होते. पहिल्याच ओळीत होते की, पत्र पोचले, सगळे कळले, मात्र पुढचे पत्र नातीने जरा मोठ्या अक्षरात काढावे, कारण हल्ली मलाही दिसत नाही.