रंगीत बाटली आणि पन्नाशीचे पाय

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून पहाटे नेहरू पार्कपर्यंत पळत जातो. तिथे रोज तेच दृश्य. पन्नाशी-साठीचे धावपटू, त्यात आपले निवृत्त फौजीही, चाळीस मिनिटं पळून झाली की बाकावर बसून स्पोर्ट्स ड्रिंकची रंगीत बाटली उघडतात. 'रिकव्हरी' म्हणे!

स्पष्ट बोलतो सर, ही रिकव्हरी नाही, साखरपाणी आहे. मीही वर्षानुवर्षं तेच प्यायलो. मागच्या वार्षिक मेडिकलमध्ये उपाशीपोटी साखर 112 आली, तेव्हा प्रथमच लेबल वाचलं. सगळा दोष बाटलीचा नसेल, पण अर्ध्या लिटरमध्ये साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर!

हे पेय 1965 साली फ्लोरिडा विद्यापीठात जन्मलं, तेही भर उन्हात तासन्‌तास खेळणाऱ्या विशीतल्या फुटबॉलपटूंसाठी. दीड तासाहून लांब पळायचं असेल किंवा त्याच दिवशी काही तासांत पुन्हा कसून व्यायाम असेल, तर ते आजही कामाचं. पुढचं पळणं उद्या असेल, तर स्नायूंतला साखरेचा साठा दिवसभराच्या वरण-भात-पोळीतून आपोआप भरतो.

वय वाढतं तशी खरी उणीव प्रथिनांची. तेवढ्याच प्रथिनांवर म्हातारा स्नायू तरुणाइतका सावरत नाही. विशीत एका वेळी वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, साठीकडे 0.4 ग्रॅम लागतं. सत्तर किलोच्या माणसाला 28 ग्रॅम. अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी, झाला हिशोब. त्या बाटलीत प्रथिनं जवळजवळ शून्य.

'पण घामातून मीठ जातं ना?' जातं. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम असतं, बाटलीतल्या तेवढ्याच पेयात त्याच्या साधारण निम्मंच. मिठाचं ताक आणि पोटभर नाश्ता ही भरपाई जास्त चांगली करतात. बीपीवाल्यांनी मात्र मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावं.

वयाबरोबर तहानही बोथट होते. म्हणून पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, घोटाघोटाने.

खडकवासल्यात क्रॉसकंट्रीनंतर आम्ही मेसकडे धावायचो, दुकानाकडे नाही. ती सवय सोडायचं कारण काय?