नेटचा खाडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला अजून काम आहे. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर फुली, पेपर पडला नाही की बारीक अक्षरात 'पे'. महिनाअखेरीला सासूबाई चष्मा लावून बसतात, खाडे मोजतात आणि तेवढे पैसे कापून उरलेले हातावर ठेवतात. (घरकामाच्या ताईंचे खाडे आम्ही कापत नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.) यावर दूधवाला कधी भांडत नाही. दूध दिलं नाही, पैसे नाहीत, एवढा साधा व्यवहार आहे.

पावसाळ्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जवळजवळ आठवडाभर नेट नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी पेन हातात घेऊन विचारलं, "या तुमच्या नेटचे खाडे कुठे मांडायचे गं?" उत्तर देण्याऐवजी मी हसले. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले असताना कापणार कशातून?

नेटचा सगळा हिशेब तारखेवर चालतो, पण एकाच बाजूने. प्लॅन संपायच्या आठवडाभर आधीपासून मेसेज सुरू होतात. शेवटच्या दिवशी तर सकाळ-संध्याकाळ. रात्री बाराच्या ठोक्याला मुदत संपली की पलीकडे इतकी शिस्त असते की एका मिनिटाचीही सवलत मिळत नाही. मधले जे दिवस नेट बंद असतं त्यांची नोंद मात्र कंपनीच्या त्याच संगणकाला ठेवता येत नाही. तेव्हा फक्त राउटरशेजारच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो. त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की फायबरमधून तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही.

मग आपण 'नेटवाल्या पोराला' फोन करतो. "काकू, मेन लाइन कट झालीय. काम चालू आहे." कधी होईल? "संध्याकाळपर्यंत." कोणत्या संध्याकाळी, ते तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आमचा नेटवाला पोरगा अखेर आला तेव्हा मी मुद्दाम जिन्यात उभी राहून त्याचं काम पाहिलं. पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खोदला होता, त्यात केबल तुटली होती. ते टोक दुरुस्त झाल्यावर आमच्या इमारतीचा जोड बाकी होता. काळी चपटी केबल त्याने सोलली. आतून निघालेला काचेचा धागा केसाएवढा. त्याच्यावरचं रंगीत आवरण त्याने चिमट्याने ओढून काढलं, स्पिरिटच्या बोळ्याने धागा पुसला, कटरमध्ये धरून टोक अगदी सरळ कापलं. तसंच दुसरं टोक. दोन्ही टोकं समोरासमोर मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. छोट्या पडद्यावर ते दोन धागे जाडजूड दिसू लागले, आपोआप थोडे वर-खाली सरकले, एका रेषेत आले, मध्ये ठिणगी पडली आणि दोनाचा एक झाला. जोडावर नळी सरकवून ती गरम केली, संपलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. मग इतके दिवस का लागले? तो म्हणाला, "मशीन एकच आहे, तीन एरियांत फिरतं." मशीन महाग असतं, हे खरं. पण आगाऊ पैसे तर तिन्ही एरियांतून आलेले असतात.

या पोरावर ओरडण्यात अर्थ नाही. तो पावसात गच्चीच्या कठड्यावरून इमारती ओलांडत असतो, पट्टा नाही, हेल्मेट नाही. शिव्या खाण्यासाठी कंपनीने पुढे केलेला माणूस तोच, आणि निर्णय घेण्याचा अधिकार नसलेलाही तोच.

तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर येतं: "अहो, किती स्वस्त आहे! अमेरिकेत बघा." स्वस्त आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा फोनच्या तारेतून किरकिरत नेट लागायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. २००४ च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. पुढच्या वर्षी बीएसएनएलचं डेटावन आलं. त्यातल्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून पुण्यातली निम्मी इंजिनिअरिंगची पोरं दोनचा गजर लावून उठत. दिवसा एखादं मोठं गाणं उतरवलं तरी घरात बिलाची चर्चा व्हायची. तिथून २०२० च्या सप्टेंबरमध्ये जिओफायबरने ३९९ रुपयांत महिनाभर ३० एमबीपीएस द्यायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनाही खाली यावं लागलं. जाहिरातीतल्या ३९९ वर १८ टक्के जीएसटी चढून ते ४७१ होतात, एवढं लक्षात ठेवावं.

डेटाच्या मर्यादेचंही तसंच. फायबरच्या मोठ्या प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची अट बारीक अक्षरात असते. हे वाचून घाबरलेले एक शेजारी नातवाला कार्टून बघू देत नव्हते. एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी लागतात, म्हणजे ३,३०० जीबी संपवायला अकराशे तास हवेत. महिन्याचे तास ७२० च. टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी नातू हरणारच. ही मर्यादा आपल्यासाठी नाही, नेट घेऊन ते दहा घरांना विकणाऱ्यांसाठी आहे. छोट्या नेटवाल्यांच्या प्लॅनमध्ये मात्र आकडा बराच खाली असू शकतो. तो संपला की वेग पडतो. किती पडावा यालाही तळ आहे: २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सांगितलं, तारेच्या ब्रॉडबँडला ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका.

मर्यादेचा खरा काच फोनवर जगणाऱ्यांना आहे. देशात तारेचं ब्रॉडबँड असलेली कनेक्शनं सुमारे ४ कोटी, मोबाइलवरची ९० कोटींच्या घरात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी दोन मुलं आणि एक फोन. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा रोज दीड जीबीचा २३९ चा रिचार्ज २९९ चा झाला, तोही २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा. संध्याकाळी सातच्या सुमारास दीड जीबी संपली की ६४ केबीपीएस उरतात. डायलअपच्या जमान्यातला मोडेम ५६ पर्यंत जायचा. आपण पंचवीस वर्षांत संध्याकाळी सातपर्यंत पुढे आलो आणि सातनंतर पुन्हा मागे गेलो.

वेगाबद्दल मात्र सगळा दोष कंपनीवर ढकलू नये. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, फाइलच्या भाषेत साडेबारा मेगाबाइट. त्यात राउटर टीव्हीच्या कपाटात कोंबलेला, मध्ये दोन विटांच्या भिंती. आतल्या खोलीत तीस-चाळीस मिळाले तर नशीब. पण संध्याकाळी आठनंतर राउटरच्या पुढ्यात बसूनही चित्र अडकतं, त्याचं कारण घराबाहेर आहे. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्यांत अडीच गिगाबिटचा एक प्रवाह फांद्या फुटत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. आणि त्याच्याही पुढे कंपनीने बाहेरून किती बँडविड्थ घेतली आहे, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. ट्रायचा जुना नियम विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मागत असे, पण तो कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत मोजायचा. तिथवर वेग असतोच. स्पीड टेस्टचा सर्व्हरही बऱ्याचदा त्याच शहरात, त्यामुळे काटा शंभरावर जातो आणि ऑस्ट्रेलियातल्या लेकीचा चेहरा चौकोनी तुकड्यांत दिसतो.

पटत नसेल तर बदला ना कंपनी! हेही ऐकवलं जातं. बदलणार कुठे? कागदावर पुण्यात डझनभर कंपन्या आहेत. इमारतीत शिरायला डक्ट एक, त्यात जागा दोघांना, आणि तिसऱ्याला गच्चीवर पाय ठेवायचा तर सेक्रेटरीसाहेबांची परवानगी. त्या दोघांपैकीही एक जण सहा महिने आगाऊ घेतो, दुसरा वर्षाचे घेतो आणि त्यावर दोन महिने 'फ्री' देतो. पैसे अडकलेला माणूस भांडत नाही, हे त्या सवलतीमागचं गणित आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर खरोखर लिहिलेलं आहे. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले, त्यात खाड्याचा हिशेब होता. बिघाड कामाच्या तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर सात दिवसांच्या भाड्याची सूट. सातांपेक्षा जास्त राहिला तर पंधरा दिवसांची. पंधरापेक्षा जास्त तर महिन्याची. दूधवाला एका दिवसाचा एकच खाडा धरतो, इथे तर चारास सात मिळायचे! १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले, त्यांतही तीन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भरपाईची तरतूद आहे, प्रीपेड ग्राहकांनासुद्धा.

मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, ही सूट कुणाला मिळाली आहे का? कुणालाच नाही. कुणी मागितलीही नव्हती. याचं कारण आपल्या सवयीत आहे. बिलावर नाव मोठ्या कंपनीचं, वायर गल्लीतल्या केबलवाल्याची, आणि तक्रार त्या पोराच्या व्हॉट्सॲपवर: 'नेट नाही', खाली हात जोडलेले. तो आपली सोय बघतो, आपण आपली. पण कंपनीच्या संगणकात तक्रार पोहोचतच नाही. तक्रार नाही म्हणजे बिघाड नाही, बिघाड नाही म्हणजे सूट नाही. कंपनीच्या दफ्तरी आमचं नेट त्या आठवड्यात एक मिनिटही बंद नव्हतं.

शंभर-सव्वाशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करणार, असं म्हणणाऱ्यांना मी सांगते की कंपनीही हेच म्हणते. एका गल्लीतल्या शंभर घरांचे ते रुपये एकत्र केले तर दुसरं मशीन घ्यायच्या दिशेने बरीच वाट कापली जाईल. सूट द्यावी लागली तर बिघाड लवकर दुरुस्त करणं कंपनीला स्वस्त पडतं. आज तिला उशीर फुकट पडतो, म्हणून मशीन तीन एरियांत फिरतं.

तेव्हा पुढच्या वेळी लाल दिवा लागला की पोराला फोन जरूर करा, पण आधी कंपनीच्या नंबरवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दिव्याचा फोटो काढून ठेवा. तीन दिवस उलटले की सूट लेखी मागा. नाकारली तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. फोनच्या वादात ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २००९ च्या एका निकालामुळे तसं मानलं जायचं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी करून दिली आहे. आणि आयोगापर्यंत जायचा कंटाळा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नंबर १९१५, फोन मराठीतूनही घेतात.