विश्लेषण : ‘मायोराना’चे दावे उदंड, पुराव्याचे काय?
इंडियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म तारेला अतिवाहक ॲल्युमिनियमची जोड देऊन चुंबकीय क्षेत्र लावले, की तारेच्या टोकांशी ‘मायोराना’ अवस्था निर्माण व्हाव्यात, असे सिद्धान्त सांगतो. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची त्याच्या गतीशी असलेली सांगड येथे कळीची. अशा अवस्थांत साठवलेली माहिती सहज बिघडणार नाही, म्हणून क्वांटम संगणकासाठी ही धडपड. पण डेल्फ्टच्या गटाचा २०१८चा ‘नेचर’मधील शोधनिबंध २०२१मध्ये मागे घ्यावा लागला. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मायोराना १’ चिप जाहीर केली. सोबतचा निबंध या अवस्थांचा पुरावा ठरत नाही, अशी नोंद ‘नेचर’च्याच परीक्षण-कागदपत्रांत होती. तारेतील अशुद्धींमुळेही तसेच संकेत मिळू शकतात. म्हणूनच घोषणेआधी सगळी मोजमापे, गैरसोयीचीसुद्धा, खुली करणे बंधनकारक हवे.