उरलं किती, तेही लिहा

वऱ्हाडातलं रिद्धपूर आता मराठी भाषा विद्यापीठामुळे बातम्यांत असतं. पण विद्यापीठासाठी हे गाव सुचलं ते तेराव्या शतकातल्या नोंदींमुळे. इथेच म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून स्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, टिपल्या. कोणी काय वाढलं, कोण काय जेवलं, हेही त्यांना लिहिण्याजोगं वाटलं. आपल्या शाळांतल्या पोषण आहाराला हीच सवय लागायला हवी. तांदूळ किती काढला, मुलं किती जेवली, याचा हिशेब रोज द्यावा लागतो. उरलं किती, हे सहसा कोणी विचारत नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, हे सरकारी प्रमाण. शंभर मुलांच्या शाळेत रोज दहा किलो तांदूळ शिजतो. त्यातला दहावा भाग वाया गेला असं धरलं, तर शाळेच्या 200 दिवसांत दोन क्विंटल तांदूळ खरकट्याच्या बादलीत जातो. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे मुलांना उपदेश: ताटात टाकू नये. पण घरी भाकर-पोळीवर वाढणाऱ्या वऱ्हाडातल्या पोराला रोज भातच मिळतो, पहिलीतल्या आणि चौथीतल्या मुलाला एकाच डावाने वाढलं जातं, मटकी कधी कच्ची राहते. दर मंगळवारी उसळच उरत असेल, तर दोष पोरांचा नाही, उसळीचा आहे. आणि तो मंगळवार नोंदीशिवाय सापडणार नाही.

शिक्षकांवर आधीच कागदांचं ओझं आहे, हा आक्षेप खराच आहे. म्हणून नवी नोंदवही नकोच, आधीच असलेली एक वही पुरेल. 2013 साली बिहारमधल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. त्यानंतर वाढण्याआधी चव घेण्याच्या नियमावर देशभर भर दिला गेला, आणि चवीची नोंदवही शाळेत असतेच. तिच्यातच एक रकाना वाढवायचा. तराजू नसला तरी ‘अर्धी बादली’ एवढं लिहिलं तरी चालेल. दुसरा आक्षेप गावाकडचा: उरलेलं ढोरांना जातं, मग वाया कुठे गेलं? ढोराचं पोट भरलं हे चांगलंच, पण ते धान्य पोराच्या नावावर खर्ची पडलं होतं. आणि कमी शिजवलं तर मुलं उपाशी राहतील, ही भीती असेल तर शिजवणं कमी करूच नका. आधी थोडं वाढा, मागेल त्याला पुन्हा वाढा. पंगतीत आपण हेच करतो.

एवढं करूनही देठं, सालं, थोडी शितं उरतीलच. त्यासाठी बाहेरून यंत्र आणायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत जवळच आहे: भिंतींना भोकं ठेवलेलं विटांचं टाकं, त्यात काडीकचरा, शेण, माती यांचे थर, आणि तीन-चार महिन्यांत खत. मूळ टाकं दहा फूट लांब. शाळेला त्याहून लहान पुरेल. शिजलेलं अन्न मात्र थोडंच घालावं आणि मातीने झाकावं, नाहीतर उंदीर येतात. हे खत शाळेच्याच परसबागेत टाकलं, तर पालक, मेथी पुन्हा त्याच खिचडीत येते. पण टाकं नंतर. मुख्याध्यापकांनी उद्या चवीच्या वहीत पट्टी घेऊन एक उभी रेघ मारावी आणि वर लिहावं: उरलं किती.